रिची ब्लॅकमोर : कोणते अल्बम, कोणत्या क्रमाने ऐकावेत?

षड्जपंचम

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे आणि गेल्या जूनपासून गिटार शिकतो आहे. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातीची सुरावट तो दिवसातून किमान पन्नास वेळा वाजवतो. ती ऐकून आधी मला वैताग आला, मग कुतूहल वाटले आणि शेवटी एका रात्री मी मूळ गाणे लावले. मी पंधरा वर्षे हार्मोनियमची साथ केली आहे, रॉक संगीताशी माझा संबंध नाही म्हटले तरी चालेल. पण त्या गाण्यातला गिटारवादक सुराला थेट हात न घालता खालून ओढून वर नेतो आणि मग क्षणभर तिथेच थांबतो, हे ऐकल्यावर मी उठून बसले. दुसऱ्या दिवशी 'हायवे स्टार' ऐकले आणि झोप उडाली.

हा गिटारवादक म्हणजे रिची ब्लॅकमोर आणि ही दोन्ही गाणी डीप पर्पल या बँडची. त्याने डीप पर्पल आणि रेनबो या दोन बँडांत मिळून इतके अल्बम केले आहेत की कुठून सुरुवात करावी हे कळत नाही. मला यादी नको, क्रम हवा आहे आणि पाचांपेक्षा जास्त नावे नकोत. गाजलेल्या गाण्यांचे एखादे संकलन घ्यावे की मूळ अल्बमच ऐकावेत, हेही सांगावे.

तबकडी

संकलन अजिबात घेऊ नका. या माणसाचे वादन चार मिनिटांच्या तुकड्यांत ऐकणे म्हणजे ख्यालाची फक्त बंदिश ऐकून उठून जाणे आहे.

माझ्या मते सुरुवात डीप पर्पलच्या 'मेड इन जपान' या थेट कार्यक्रमांच्या अल्बमपासून करावी. १९७२च्या ऑगस्टमध्ये ओसाकाला दोन आणि टोकियोला एक असे तीन कार्यक्रम झाले आणि त्यांतून निवडलेली सात गाणी दोन तबकड्यांवर आली. सात गाण्यांना चार बाजू लागल्या, यावरूनच काय प्रकार आहे ते लक्षात यावे. 'स्पेस ट्रकिन' एकट्यानेच एक अख्खी बाजू व्यापते. हा बँडचा दुसरा संच, म्हणजे गायक इयन गिलन, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस आणि गिटारवर ब्लॅकमोर. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून काढत असे, त्यामुळे त्याचा आवाज देवळातला किंवा चर्चमधला न राहता गिटारइतकाच खरखरीत होतो आणि दोघे समोरासमोर उभे ठाकतात. आपण साथीची वाद्ये वाजवणाऱ्या आहात, तेव्हा ही झुंज आपल्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

त्यातही 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' निवांत बसून ऐका. गाण्याच्या मध्यावर ताल खाली येतो, ब्लॅकमोर एक छोटासा तुकडा वाजवतो आणि गिलन तोच तुकडा गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. मग पुढचा तुकडा थोडा अवघड, त्यापुढचा आणखी अवघड, असे करत दोघे पट्टीच्या वरच्या टोकाला पोहोचतात आणि गिलनची किंकाळी सुटते. सवाल-जवाबासाठी आपण ज्या मैफलींची तिकिटे काढतो, त्यांतल्या निम्म्या ठिकाणी इतकी चुरस नसते.

कर्वेरस्ता

तबकडी यांच्या मताचा आदर आहे, पण पहिल्याच दिवशी वीस मिनिटांचे 'स्पेस ट्रकिन' समोर ठेवले तर अर्धे श्रोते पळून जातील. स्टुडिओतले मूळ गाणे कानात बसल्याशिवाय त्याचा विस्तार किती आणि कसा केला आहे, हे कळणार कसे? म्हणून १९७०चा 'इन रॉक' आणि १९७२चा 'मशीन हेड' आधी, 'मेड इन जपान' त्यानंतर.

'मशीन हेड'ची गोष्ट बहुतेकांना निम्मीच माहीत असते. डिसेंबर १९७१मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो इथे, जिनिव्हा सरोवराकाठच्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायला गेली होती. ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झप्पा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांपैकी कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक) झाडली आणि कॅसिनो जळून खाक झाला. पाण्यावर पसरलेला तो धूर म्हणजेच 'स्मोक ऑन द वॉटर' हे शीर्षक. त्यानंतर त्यांनी पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात बस्तान मांडले. पण आवाजाने गाव जागे झाले, पोलीस आले आणि तिथून हलावे लागले. हलण्यापूर्वी एकाच गाण्याचे वादन टेपवर उतरले होते आणि ते नेमके हेच गाणे. उरलेला अल्बम हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून झाला. ध्वनिमुद्रणाची गाडी बाहेर उभी होती आणि वाजवलेले पुन्हा ऐकायला गाडीपर्यंत जायचे म्हणजे खोल्या आणि गच्च्या ओलांडून जायचा इतका द्राविडी प्राणायाम होता की शेवटी त्यांनी परत ऐकणेच सोडून दिले. या अल्बममधला मोकळेपणा त्या कंटाळ्यातून आला असावा, असे मला नेहमी वाटते.

आपल्या चिरंजीवांना एक निरोप द्या. ती सुरावट बहुतेक मुले षड्ज-पंचमाच्या जोडीने आणि प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने) वाजवतात. ब्लॅकमोर ती चौथ्या सुराच्या अंतराने, म्हणजे षड्ज-मध्यमाच्या जोडीने वाजवतो आणि चौथी व तिसरी तार एकाच वेळी बोटांनी छेडतो, त्यामुळे दोन्ही सूर अगदी एका क्षणी फुटतात. प्लेक्ट्रमने तार आधी एक, मग दुसरी अशी लागते आणि तो ठोसा हरवतो. (आपण हे नाव घेतले ते योगायोगाने, पण पंचम सोडून मध्यमाकडे जा, असे सांगताना मला थोडे वाईट वाटते आहे.)

मंद्र

'इन रॉक'चा उल्लेख झालाच आहे तर एक मुंबईचा धागा. त्यातल्या 'चाइल्ड इन टाइम'ची ऑर्गनवरची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९च्या एका रचनेवरून आली आणि त्या रचनेचे नाव आहे 'बॉम्बे कॉलिंग'. दोन्ही पाठोपाठ ऐकल्या तर नाते लगेच कळते. तिकडे व्हायोलिनवर भरभर जाणारी सुरावट इथे लॉर्डने इतकी संथ केली आहे की तिचा स्वभावच बदलतो. १९९५ साली डीप पर्पल खरोखरच मुंबईला आले, मीही गर्दीत होतो; पण ब्लॅकमोर १९९३च्या नोव्हेंबरमध्येच बँड सोडून गेला होता आणि गिटारवर स्टीव्ह मोर्स होता. मोर्स थोर वादक आहे, तक्रार नाही, तरीही घरी येऊन मी 'चाइल्ड इन टाइम' लावलेच.

पडदे

आतापर्यंत कोणीच रेनबोपर्यंत पोहोचलेले नाही, याचे नवल वाटते. मला विचाराल तर बाकीचे चार अल्बम बदलले तरी चालतील, पण १९७६चा 'रायझिंग' यादीत हवाच.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. गिलन आणि ग्लोव्हर १९७३मध्ये डीप पर्पलमधून गेल्यावर डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. या नव्या संचाचा पहिला अल्बम 'बर्न' (१९७४) जोरदार आहे, पण त्याच वर्षीच्या 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये बँड फंक आणि सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतशैलींकडे झुकला आणि ब्लॅकमोरचे मन उडाले. त्याला वाजवायचे असलेले एक गाणे बाकीच्यांनी नाकारले, ते त्याने एल्फ नावाच्या बँडमधल्या मंडळींना घेऊन केले आणि त्यातून रेनबो उभा राहिला. एल्फचा गायक होता रॉनी जेम्स डिओ. पुढच्या वर्षी ब्लॅकमोरने डिओ सोडून सगळा संच बदलला आणि ड्रम्सवर कोझी पॉवेलला आणले.

'रायझिंग'मधले 'स्टारगेझर' आठ मिनिटांहून मोठे आहे. सुरुवातीला फक्त पॉवेलचे ड्रम्स, दगडी जिन्यावरून कोणी धावत यावे तसे, आणि मग ती संथ, वजनदार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावट. एका जादूगारासाठी मनोरा बांधणाऱ्या गुलामांची कथा डिओ गातो आणि शेवटाकडे म्युनिकचा वाद्यवृंद मागून चढत येतो. मधल्या एकल वादनात कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार यांची जी जवळीक आहे, तिने मला दर वेळी बसंतमुखारी आठवतो. ब्लॅकमोर राग वाजवतो आहे असा दावा मी करत नाही; त्या सुरांच्या वाटेने आपला कान सहज जाईल, एवढेच म्हणायचे आहे. १९७८च्या 'लाँग लिव्ह रॉक अँड रोल'मधले 'गेट्स ऑफ बॅबिलॉन' याच वाटेवर आणखी पुढे जाते.

आपण ज्या ओढून नेलेल्या सुराबद्दल लिहिले आहे, त्यामागे एक साधी गोष्ट आहे. ब्लॅकमोर त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या दोन पडद्यांमधले लाकूड कोरून घेत असे. त्यामुळे बोट लाकडाला टेकत नाही, फक्त तारेला लागते आणि सतारीवर जशी तार ओढून मींड काढता येते तशी पकड मिळते. मी स्वतः सतारीकडून गिटारकडे आलो आणि अशी गिटार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा घरी आल्यासारखे वाटले होते. मुलाने मात्र इतक्यात कानस हातात घेऊ नये!

रात्रपाळी

डिओ गेल्यानंतरच्या रेनबोला 'रेडिओसाठी विकला गेलेला बँड' म्हणून उडवून लावण्याची पद्धत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. ग्रॅहम बॉनेट गायक असलेला 'डाउन टु अर्थ' (१९७९) आणि जो लिन टर्नर आल्यावरचा 'डिफिकल्ट टू क्युअर' (१९८१) हे नेटके, गाता येण्यासारखे अल्बम आहेत. दुसऱ्याच्या शीर्षकरचनेत बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची धून आहे आणि ती ब्लॅकमोरने थट्टेच्या अंगाने पण पूर्ण तयारीने वाजवली आहे. पाचांत याला जागा मिळणार नाही हे मान्य, सहावा म्हणून लिहून ठेवा. १९८४मध्ये डीप पर्पलचा दुसरा संच पुन्हा एकत्र आला, तेव्हाच्या 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'चे शीर्षकगीतही चुकवू नये.

मंद्र

पत्नी कँडिस नाइटसोबतचा ब्लॅकमोर्स नाइट हा १९९७पासूनचा त्याचा बँड म्हणजे युरोपातल्या जुन्या दरबारी आणि लोकधुनांचा प्रांत आहे, तिथे बहुतेक वेळ विनावीज गिटारच ऐकू येते. मला तो दोन गाण्यांनंतर जरा जास्तच गोड लागतो. घरातल्या ज्यांना मोठा आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी ठीक.

तबकडी

कर्वेरस्ता यांचा क्रमाचा मुद्दा मला पटला, 'मशीन हेड' आधी घ्यावा. तेव्हा माझा सुधारित क्रम असा : 'मशीन हेड', 'मेड इन जपान', 'इन रॉक', 'रायझिंग' आणि पाचवा रेनबोचा 'ऑन स्टेज' (१९७७). त्यातले 'कॅच द रेनबो' पंधरा मिनिटांहून जास्त चालते. हा माणूस किती हळू आणि किती कमी वाजवू शकतो, हे कळण्यासाठी ते ऐकावे. 'बर्न' सोडावा लागला याचे दुःख आहे.

षड्जपंचम

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी दोन आठवडे गेले, कारण सांगितलेल्या क्रमाने ऐकत होते. मुलगा आता ती सुरावट बोटांनी वाजवतो. आवाज खरोखर बदलला आणि संख्याही पन्नासावरून सत्तरावर गेली. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मधला सवाल-जवाब मी पेटीवर काढून पाहिला. पहिले चार तुकडे सहज जमले, पाचव्याला बोटे अडकली आणि मुलगा फार खूश झाला. रविवारी 'रायझिंग' लावणार आहोत. थेट 'स्टारगेझर'पासून सुरुवात केली तर चालेल का?

पडदे

नको, ताई. पहिली बाजू आधी ऐका. चार गाणी आहेत आणि 'टॅरो वुमन'च्या आधी टोनी केरी सिंथेसायझरवर जे काही करतो त्याने घर तयार होते. दुसऱ्या बाजूला दोनच गाणी आहेत, 'स्टारगेझर' आणि लगेच त्याला जोडून 'अ लाइट इन द ब्लॅक', तेव्हा चहा बाजू बदलतानाच करून घ्या. मध्ये उठता येणार नाही.