मदत हवी आहे: नव्या जेआर-१ ना (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना) पहिल्या आठवड्यात नेमकं काय सांगावं?

नमस्कार मंडळी,

मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचा जेआर-३ आहे. पुढच्या आठवड्यात नवी बॅच रुजू होतेय. त्यांच्या ओरिएंटेशनमधला दीड तास एचओडी सरांनी माझ्याकडे दिलाय. नियम, रजा, स्टायपेंड आणि अडचण आली तर कुठे जायचं, एवढं सांगायचं आहे. बाकीचं तयार आहे, शेवटच्या भागापाशी गाडी अडलीये.

का अडलीये ते आधी सांगतो. मी जेआर-१ असताना चौथ्याच रात्री, तीनच्या सुमारास, एबीजी (तपासणीसाठी धमनीतलं रक्त) घेताना पेशंटने हात झटकला आणि सुई माझ्या डाव्या तर्जनीत घुसली. ग्लोव्हच्या आत रक्त पसरताना दिसत होतं. मी बोट जोरात पिळलं, वर स्पिरिट ओतलं, नवा ग्लोव्ह चढवला आणि पुढच्या पेशंटकडे गेलो. सगळंच चुकलं. साबण आणि वाहतं पाणी, बस्स. पिळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही. पीईपीचा, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या औषधांचा, पहिला डोस शक्यतो २ तासांत जायला हवा, ७२ तासांनंतर तो सुरू करत नाहीत, पुढे २८ दिवस गोळ्या, हे सगळं मला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं. पण रात्री तो डोस कुठल्या कपाटात असतो आणि चावी कोणाकडे असते, हे कोणी सांगितलं नव्हतं. सीनियरला उठवायची भीती वाटली. सकाळची राउंड आटोपून दुपारी एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्रात) पोचलो तेव्हा दहा तास उलटले होते. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पुढे माझेही आले. तरी ते दहा तास अजून डोक्यातून जात नाहीत. आम्हालाही ओरिएंटेशन झालं होतं. कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांच्या स्लाइड होत्या, कपाट कोणी दाखवलं नव्हतं.

नियमांचा भाग असा लिहिलाय, चुकलं असेल तर सांगा. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी नियमावलीप्रमाणे वर्षाला २० दिवस पगारी किरकोळ रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा, आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याला एक सुटी. हजेरी किमान ८० टक्के. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात ३ महिने जिल्हा रुग्णालयात, म्हणजे डीआरपी. रिसर्च मेथडॉलॉजी, एथिक्स आणि बीसीएलएस-एसीएलएसचे (हृदय बंद पडल्यास जीव वाचवण्याचे) कोर्स करावेच लागतात. लॉगबुक त्या त्या आठवड्यात भरा, हे मी दोनदा सांगणार आहे, कारण सहा महिन्यांचं एकदम भरायला बसलं की केस आठवत नाहीत.

खरी अडचण ड्यूटीच्या तासांची आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला साधारण ४८ तास म्हटलंय. २०२४ मध्ये एनएमसीच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. इमर्जन्सीच्या आठवड्यात यातलं काहीच टिकत नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मग पोरांना सांगू काय? ‘कागदावर असतं, वॉर्डात नसतं’ म्हणालो, तर नियम मोडायचेच असतात असा अर्थ निघतो. नुसतं वाचून दाखवलं, तर सलग ३० तास उभं राहिल्यावर ते माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत आणि अडचणीत मला फोनही करणार नाहीत. मला या दुसऱ्याची जास्त धास्ती आहे.

तुम्ही नवे होतात तेव्हा काय कळलं असतं तर बरं झालं असतं? आणि मदतीचा भाग नुसती नंबरांची यादी होऊ नये यासाठी काय करता येईल? कृपया अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद: सहायक प्राध्यापक, सर्जरी

डॉक्टर, तासांबद्दल खरं तेच सांगा, पण त्याला जोडून एक हक्क द्या. आमच्या युनिटमध्ये मी पहिल्याच दिवशी सांगते, रात्रभर जागला असाल तर सकाळी ओव्हर देऊन (पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवून) निघायचं, आणि ओव्हर देताना ‘मला झेपत नाहीये’ हे वाक्य चालतं. ते वाक्य आधी मी स्वतः सगळ्यांसमोर म्हणून दाखवते. सीनियरने म्हटल्याशिवाय जेआर-१ कधीच म्हणत नाही.

दुसरं म्हणजे दीड तास एकदम खर्चू नका. पहिल्या दिवशी पोरं कागदपत्रं आणि हॉस्टेलच्या खोलीत अडकलेली असतात. तेव्हा अर्धाच तास घ्या, उरलेला तिसऱ्या आठवड्यात. तोवर त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न असतात.

प्रतिसाद: परिचारिका, कॅज्युअल्टी

सर, कपाट स्लाइडवर नको, पायी नेऊन दाखवा. आणि रात्री नऊनंतर न्या. दिवसाचे निम्मे दरवाजे रात्री बंद असतात, चावीही दुसऱ्याच्या हातात असते. नव्या डॉक्टरांना हेही सांगा की सुई लागली तर पहिल्यांदा ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगायचं. आम्ही रागावत नाही. नोंद कुठे करायची, पेशंटचं रक्त कोणत्या फॉर्मवर पाठवायचं, हे आमच्या रोजच्या हातातलं आहे. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीनही डोस झालेत का आणि टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) १० च्या वर आहे का, तेही रुजू होतानाच बघून घ्या.

प्रतिसाद: जेआर-२, स्त्रीरोग

दादा, दोन गोष्टी घाला. अंतर्गत तक्रार समितीत (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या) कोण आहे ते नावानिशी सांगा, भिंतीवरच्या बोर्डावर बऱ्याचदा बदली झालेल्या मॅडमचं नाव असतं. आणि प्रसूती रजा मिळते, पण मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस झाले तर तेवढा कोर्स लांबतो, हे आधीच कळू दे. माझ्या मैत्रिणीला सातव्या महिन्यात कळलं.

मानसिक त्रासासाठी नुसतं ‘सायकिॲट्रीत जा’ म्हणू नका. त्या ओपीडीत आपलाच बॅचमेट केसपेपर काढून बसलेला असतो, म्हणून कोणी जात नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या. तो २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि फोन कॉलेजबाहेर जातो.

धागाकर्ता

मॅडम, सिस्टर, ताई, मनापासून आभार. अर्धा तास पहिल्या दिवशी, एक तास तिसऱ्या आठवड्यात, असं सरांकडून मंजूर करून घेतलं. ‘मला झेपत नाहीये’ हे मी म्हणणार आहे, आणि चौथ्या रात्रीची गोष्टही सांगणार आहे. समितीची नावं ऑफिसमधून ताजी घेतली. बोर्डावरच्या दोघी खरंच आता इथे नाहीत.

काल रात्री दहाला स्वतः जाऊन कपाट बघितलं. डोस आहे, मुदतीत आहे, चावी नाइट सुपरवायझरकडे असते. पण दारावर चिकटवलेला एक्स्टेन्शन नंबर लावला तर वाजतच राहिला. चौकशी केली, तो टेबल दोन वर्षांपूर्वीच वरच्या मजल्यावर हललाय. नवा नंबर जाड मार्करने लिहून चिकटवलाय, आणि तिथून लावून बघितला. दुसऱ्या रिंगला उचलला.