खोल समुद्राचं तापमान फायबर केबलने मोजतात म्हणे, म्हणजे नक्की कसं?

खारंवारं:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला ओटेक घेतलंय, म्हणजे समुद्राच्या वरच्या गरम आणि खालच्या गार पाण्यातल्या फरकावर वीज काढायची ती भानगड. थिअरी कळली, लक्षद्वीपकडे वर २८ डिग्री, खाली हजार मीटरला ७-८, अमोनिया उकळवा, टर्बाइन फिरवा, परत थंड करा. पण गाइड सरांनी विचारलं की खालचं पाणी वर्षभर तेवढंच गार राहतं का हे तू मोजणार कसं, आणि माझी बोलती बंद. कुठेतरी वाचलं की एकच फायबर केबल सोडून तिच्या मीटरमीटरचं तापमान घेता येतं. म्हणजे केबलवर सेन्सर चिकटवलेले असतात का? आणि साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तर काय बिघडतं?

रिगवाला_काका:
अरे सेन्सर बिन्सर काही नसतं, ती काचच सेन्सर. तेलविहिरींमध्ये हे जुनं आहे, आम्ही डीटीएस म्हणायचो, डिस्ट्रिब्युटेड टेंपरेचर सेन्सिंग, म्हणजे केबलभर तापमान मोजणं. लेझरचा पल्स सोडायचा, जाता जाता थोडा उजेड मागे विखुरतो आणि त्यातला अगदी चिमूटभर रंग बदलून येतो. हाच रामन परिणाम, १९२८ चा. (१९२१ मध्ये बोटीवरून भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून ज्यांना प्रश्न पडला तेच रामन, आता त्यांचा शोध समुद्रातच उतरलाय.) रंग बदललेल्या उजेडाचे दोन भाग असतात, निळ्याकडे सरकलेला अँटी-स्टोक्स आणि लालकडे सरकलेला स्टोक्स. काच तापली की अँटी-स्टोक्स चांगलाच वाढतो, स्टोक्स फारसा हलत नाही, दोघांचं गुणोत्तर काढलं की तापमान मिळालं. कुठल्या मीटरवरून आला ते वेळेवरून कळतं, काचेत उजेड सेकंदाला २ लाख किमी जातो म्हणजे एक मीटर जाऊन यायला १० नॅनोसेकंद. सिग्नल इतका मरतुकडा की हजारो पल्सची सरासरी घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी सीनियरने मला केबल नुसती मुठीत धरायला लावली होती, स्क्रीनवर बरोब्बर त्या मीटरला टेकाड आलं, मी बघतच राहिलो.

पण कॅलिब्रेशन सांभाळ. मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा आणि पाणी घालून त्यात केबलचं वेटोळं बुडवायचं, ते शून्य धरायचं. एका जॉबला ढवळायचं राहून गेलं, बर्फ वर तरंगतोय आणि वेटोळं तळाच्या कोमट पाण्यात, सगळा प्रोफाइल, म्हणजे खोलीप्रमाणे तापमानाचा आलेख, दीड डिग्री खाली सरकला. दिवस फुकट.

भरतीओहोटी:
काकांनी मोजायचं कसं ते सांगितलं, मी कशाला ते सांगते. ओटेकची पॉवर साधारण फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. २० डिग्रीऐवजी १९ मिळाला तर १०० चे ९० होतात. त्यातले पंपांनाच ३० लागतात असं धर, ते काही कमी होत नाहीत, म्हणजे हातात ७० ऐवजी ६०. एका डिग्रीत १४ टक्के गेले! म्हणून दीड डिग्रीची चूक म्हणजे अख्खा हिशोब बोंबलला.

दोरीला थर्मामीटर बांधतातच की, वीसपंचवीस लावतात, पण दोघांच्या मधे काय चाललंय ते दिसत नाही. अर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप वरखाली करत तापमान मोजणारी यंत्रं, २००० मीटरपर्यंत जातात पण दर १० दिवसांनी एकदा, आणि वाहत कुठल्या कुठे जातात. समुद्राच्या पोटात लाटा असतात, गरम-गार पाण्याची सीमा काही तासांत दहावीस मीटर वरखाली होते. हजार मीटरला याचा फार फरक नाही पडत, पण लक्षद्वीपच्या कवरत्तीला एनआयओटीचा (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) याच गरम-गार फरकावर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट २००५ पासून आहे तो ३५० मीटरच्या आसपासचं पाणी ओढतो, तिथे मला हे रोज बघायला आवडेल.

देवगडचा_हापूस:
मग हे आपल्या कोकणात का नाही करत?? समुद्र तर दारातच आहे

भरतीओहोटी:
@देवगडचा_हापूस समुद्र आहे हो दादा, खोली नाही. मुंबईसमोर उथळ तळ शेकडो किलोमीटर पसरलाय, हजार मीटर गाठायला पाइप कुठवर नेणार? लक्षद्वीपची बेटं समुद्रातून उभी भिंत वर यावी तशी आहेत, किनारा सोडला की लगेच खोल.

रिगवाला_काका:
आणि पाइप सोडणं म्हणजे खेळ नाही. तुतिकोरिनजवळ सागरशक्ती नावाच्या बार्जवरचा ओटेकचा १ मेगावॅटचा प्रयोग किलोमीटरभर लांब पाइपनेच बुडवला.

अजून एक राहिलं, केबलचा मीटर म्हणजे खोलीचा मीटर नव्हे. प्रवाहात केबल पतंगाच्या मांज्यासारखी झोल खाते, १००० मीटर सोडलीस तरी टोक ९५० लाच असेल, म्हणून मधेमधे प्रेशर सेन्सर लावून खरी खोली बघ. आणि कोणी ब्रिलुआं पद्धत (फायबरमधून मागे विखुरलेल्या उजेडावरूनच तापमान काढायची दुसरी रीत) सुचवली तर आधी विचार की केबलला ताण किती येतो, तिला ताण आणि तापमान दोन्ही सारखंच दिसतं. त्यासाठी फायबर स्टीलच्या नळीत जेलमध्ये सैल ठेवतात.

खारंवारं:
बापरे, एवढं सरांनापण माहीत नसेल 😅 काका, डीटीएसचं मशीन आमच्या कॉलेजात असणं शक्यच नाही. मग सेमिनारला दाखवू काय?

भरतीओहोटी:
अर्गोचा डेटा फुकट मिळतो, लक्षद्वीपजवळच्या एखाद्या फ्लोटचे वर्षभराचे प्रोफाइल उतरव आणि हजार मीटरचा आकडा महिन्यामहिन्याला किती हलतो त्याचा ग्राफ काढ. सरांचा प्रश्न तोच होता ना?