पर्यावरणातलं शिक्षण, पर्यावरणातली नोकरी : आपापला अनुभव लिहा

मनमाडची मावशी

भाचीची बारावी झाली. शास्त्र शाखा, जीवशास्त्राची आवड, पण डॉक्टरकीच्या वाटेला जायचं नाही हे तिनं अकरावीतच सांगून टाकलं होतं. तिला पर्यावरणात पदवी घ्यायची आहे. घरात कुणाचा विरोध नाही, पण पुढे काय करतात हे ठाऊक असलेलंही कुणी नाही. आम्हाला पर्यावरण म्हणजे कॉलेजातला सक्तीचा पेपर, एवढंच माहीत. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा आदेश आहे, पण बहुतेकांनी तो पेपर आदल्या रात्री वाचून दिला. त्यामुळे नातेवाईक विचारतात, “त्यात शिकण्यासारखं काय आहे?”

या क्षेत्रात असलेल्यांनी लिहावं. काय शिकलात, सकाळी कामावर गेल्यावर नेमकं करता काय, पैसे कसे मिळतात, कॉलेजातलं काय उपयोगी पडलं. तुमचा रोजचा दिवस समजला तर पोरीला ठरवायला सोपं जाईल.

लोट्याची

मावशी, मी लोटे परशुरामला रासायनिक कारखान्यात पर्यावरण विभाग बघते. बीएस्सी रसायनशास्त्र, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी.

सकाळी आल्याआल्या ईटीपीची, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची फेरी. येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे नमुने, पीएच (आम्लता), मग सीओडी लावायचा, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजायचं. दोन तास उकळत ठेवावा लागतो. नमुन्यात घाण फार असेल तर त्यात घातलेल्या डायक्रोमेट या रसायनाचा पिवळा-केशरी रंग तापवतानाच हिरवा पडतो, मग नमुना पातळ करून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंबाथेंबानं दुसरं द्रावण घालताना, निळसर हिरव्यातून एका थेंबात तांबूस तपकिरी रंग येतो, तो थेंब चुकवायचा नाही. बीओडी, म्हणजे तीच घाण जिवाणूंनी खाताना लागणारा ऑक्सिजन, २७ अंशांवर तीन दिवस. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला सीओडी २५० मिलिग्रॅम आणि बीओडी ३० मिलिग्रॅम. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

उरलेला दिवस कागदांचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातली एकेक अट, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. कायद्याची भाषा वाचता येणं हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, पण नोकरी त्यावरच टिकते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. माझ्या पहिल्या कंपनीत रात्रपाळीला पाणी प्रक्रिया न करता पुढे ढकलायचा दबाव यायचा आणि नोंदवहीत आकडे ‘नीट’ लिहायला सांगायचे. मी सही केली नाही आणि दुसरी नोकरी शोधली. असा प्रसंग तुमच्या भाचीवरही येऊ शकतो. तेव्हा ‘नाही’ म्हणायला हातात पक्कं कौशल्य लागतं, कारण दुसरीकडे नोकरी मिळेल ही खात्री असली की माणूस ताठ उभा राहतो. मला ती खात्री रसायनशास्त्रानं दिली. पुढे औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमाही केला. बऱ्याच कारखान्यांत सुरक्षा आणि पर्यावरण एकाच माणसाकडे असतं, त्यामुळे पगारात खरा फरक तिथून पडला.

ठाण्याचा सल्लागार

मी पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल करतो, म्हणजे ज्याला सगळे ईआयए म्हणतात. २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठीचा हा अहवाल. पावसाळा सोडून एका ऋतूची हवा, पाणी, माती, आवाज, जीवसृष्टी यांची मोजणी करायची. नवीन पोरांना पहिल्यांदा हेच काम मिळतं. कुणाच्या तरी गच्चीवर धूळ मोजायचं यंत्र चोवीस तास चालवायचं, वीज गेली की जनरेटर, आणि आधी वजन करून ठेवलेला फिल्टर पेपर चिमट्याने उचलून पाकिटात. मुलींनी नोकरी घेताना फील्डवर राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय काय, हे सरळ विचारून घ्यावं. लाजू नये.

लोट्याच्या ताईंना नोकरीची खात्री रसायनशास्त्रानं दिली, पण ती त्यानंच मिळते याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी पुण्यातून पर्यावरणशास्त्रातच बीएस्सी केली आणि तिचा मला फायदाच झाला. एका अहवालात भूजलवाला, हवेवाला, वनस्पतीवाला असे वेगवेगळे तज्ज्ञ असतात, प्रत्येकाला नॅबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या नियमांप्रमाणे आपापल्या क्षेत्रात मान्यता घ्यावी लागते. या सगळ्यांचं बोलणं एकमेकांना समजावून सांगणारा माणूस लागतो. ते काम मी करतो.

आणि जनसुनावणी. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. आमच्याकडे तो बरीच वर्षं कुणीतरी घाईघाईत उतरवून काढायचं. एका किनाऱ्यावरच्या सुनावणीत मच्छीमार बायका सारांशाची पानं घेऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “पाइप कुठं सोडणार ते यात लिहा, बाकीचं आम्हाला कळतं.” त्या पानावर ते खरंच नव्हतं. तेव्हापासून सारांश मी स्वतः लिहितो. चांगलं मराठी लिहिता येणारी पर्यावरणाची माणसं फार कमी आहेत आणि त्यांची गरज फार आहे.

सातपुड्यातला

ज्यांना वाघ, पक्षी, जंगल म्हणून इकडे यायचंय त्यांच्यासाठी. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथल्या एमएस्सीला जागा मोजक्याच असतात. तयारी म्हणजे पक्ष्यांची नावं पाठ करणं नव्हे. संख्याशास्त्र हवं, ‘आर’ ही संगणकभाषा हवी, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर हवं. ‘आर’ आणि क्यूजीआयएस फुकट मिळतात, घरी बसून शिकता येतात. कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या जंगलातल्या कॅमेऱ्यात, आलेल्या फोटोंपैकी निम्मे गवत हलल्याचे आणि गुरांचे असतात. ते सगळे बघून वर्गवारी करायची, हा माझा पहिला हंगाम.

वन सेवेचं स्वप्न असेल तर आत्ताच लक्षात ठेवा. भारतीय वन सेवेच्या पात्रतेत पदवीच्या विषयांची यादी आहे : वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. पदवीला यातला एखादा विषय ठेवला की दार उघडं राहतं. कोकणात दापोलीला कृषी विद्यापीठात वानिकीची पदवीही आहे.

बीडची पाणीवाली

मी भूगर्भशास्त्राची. मराठवाड्यात एका संस्थेसाठी गावागावांत विहिरींची पातळी मोजते आणि लोकांबरोबर पाण्याचा ताळेबंद मांडते. गाव डोंगराच्या कुशीत असो की माळावर, खाली बसाल्टचेच थर : मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. पाणी कुठल्या थरात मुरतं आणि कुठल्यावर अडतं हे विहिरीत उतरून दाखवलं की म्हातारी माणसंही मान डोलावतात, कारण विहीर खोदताना त्यांनीच ते थर फोडलेले असतात. मग ‘माझी बोअर माझ्या रानात, तुझा काय संबंध’ हे भांडण जरा वेगळ्या पातळीवर येतं. दोघांच्या बोअर एकाच थरातून ओढतात हे नकाशावर दिसतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. कामं प्रकल्पावर असतात. निधी संपला की करार संपतो आणि नवा प्रकल्प येईपर्यंत घरी. मी एकटीच्या जिवावर घर चालवत असते तर अवघड गेलं असतं. पण ज्या गावात उन्हाळी पीक घ्यायचं की नाही हे ग्रामसभेत आकडे बघून ठरलं, तिथं मी होते. या कामावर माझं मन आहे.

वांद्र्याचा ताळेबंदवाला

मी बीकॉम. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्या लाटेत मी या कामात आलो. प्रत्येक कारखान्याची वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, पाण्याची मीटरनोंद गोळा करून उत्सर्जनाचा हिशेब काढायचा. काम एसीत, पगार बरा. पण सोबत प्रत्यक्ष कारखाना पाहिलेलं कुणी नसेल तर आकडा चुकलाय हे कळतच नाही. एका ठिकाणी किलोलिटरच्या रकान्यात लिटर भरले होते, ते ईटीपीवर काम केलेल्या मुलीनं एका नजरेत पकडलं.

ड्रेस्डेनहून

परदेशी येणाऱ्यांसाठी थोडंसं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. डाड या जर्मन शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती हवी असेल तर पदवीनंतर किमान दोन वर्षं काम केलेलं लागतं आणि पदवी सहसा सहा वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणून घाईनं निघण्यापेक्षा आधी भारतात नोकरी करा. मी महाडच्या औद्योगिक पट्ट्यात सांडपाण्याचं काम करून आले, मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच होते.

मनमाडची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं दोनदा वाचलं. वन सेवेची यादी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. आता ती म्हणते, पदवी रसायन आणि वनस्पतिशास्त्र घेऊन, पर्यावरण एमएस्सीला. लोट्याच्या ताई, तिला एकदा ईटीपी आतून बघायचाय. बाहेरच्या मुलांना येऊ देतात का?

लोट्याची

एकटीला नाही देणार, कॉलेजच्या पत्रावर गट असेल तर देतात. त्याआधी नाशिकला महापालिकेचं मलनिस्सारण केंद्र बघा, तिथंही पत्र लागेल पण काम जास्त सुटसुटीत दिसतं. सकाळी जा, तेव्हा प्रयोगशाळेत नमुने लागत असतात. पायात बंद बूट हवेत, ओढणी नको. आणि तिथल्या ऑपरेटरशी बोलायला सांगा. टाकीतल्या फेसाचा रंग बघून काय बिघडलंय ते त्यांना कळतं. मी ते त्यांच्याकडूनच शिकले.