जुन्या रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याची, कोरलवाली टाकी) रॉयल ग्रामा मासा सोडायचाय, कसा सोडू?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत घरी चार फुटी रीफ टँक आहे, चांगला मुरलेला. क्लाऊन माशांची जोडी, एक सिक्सलाइन रास मासा, झोआ आणि हॅमर ही कोरलं, थोड्या गोगलगायी. आता मुंबईहून रॉयल ग्रामा मागवलाय. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघेल, सकाळी स्टँडजवळ उतरवून घ्यायचा. दुकानदार म्हणतो, दोन तास थेंब थेंब पाणी सोडा आणि थेट टाकीत टाका. मला धास्ती रासची आहे. काच पुसायला मॅग्नेट लावला तरी अंगावर धावून येतो. कसं करावं?

खारंपाणी:
दादा, रात्रभर प्रवास केलेल्या माशाला दोन तासांचं ड्रिप अजिबात नको. बंद पिशवीत मासा श्वास घेत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. विष्ठेतून, कल्ल्यांतून आलेला अमोनिया त्या उतरलेल्या पीएचमध्ये बराचसा अमोनियम होऊन राहतो, त्याचा त्रास कमी. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात वरून तुमच्या टाकीचं जास्त पीएचचं पाणी थेंबथेंब घालायचं म्हणजे मासा दोन तास विषातच ठेवायचा.

त्याऐवजी आजच दुकानदाराला फोन करून त्याच्या पाण्याची सॅलिनिटी (खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात मोजलेला) विचारा. बरेच दुकानदार १.०१९-१.०२० वर ठेवतात, आपला रीफ १.०२५ वर. क्वारंटाइनची, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायची, छोटी टाकी त्याच्या आकड्यावर लावून ठेवा. बंद पिशवी त्यात वीसेक मिनिटं तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडा, मासा जाळीने उचला आणि लगेच सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टाकीत नको. सॅलिनिटी पुढे काही दिवसांत हळूहळू चढवा.

रंकाळाकाठ:
म्हणजे क्वारंटाइन लागणारच? मासा अगदी ठणठणीत आहे म्हणतो तो.

खारंपाणी:
लागणारच. इच या परजीवी रोगाचे ठिपके रव्याच्या कणांसारखे दिसतात, चार दिवसांनी गळून जातात आणि माणूस समजतो मासा बरा झाला. खरं तर तो जंतू वाळूत जाऊन कोशात वाढत असतो, आणि एकेका कोशातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. रीफमध्ये एकदा हे शिरलं की तांब्याचं औषध घालता येत नाही. कोरल, गोगलगायी, कोळंबी सगळं मरेल. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवायची. त्यापेक्षा ४०-५० लिटरची, वाळू-खडक नसलेली टाकी, मोठ्या टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि हीटर, एवढं पुरे. किमान चार आठवडे. बॅटरीवाला एअर पंप मात्र आधी घ्या, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

इचलकरंजीकर_ताई:
सिक्सलाइनबद्दल माझं ऐका. माझ्याकडेही आहे. जुना मासा सगळ्या खडकांना आपलं घर मानतो. ग्रामा सोडायच्या दिवशी रासलाच जाळीच्या डब्यात घालून टाकीतच लटकवा. तीन-चार दिवस ग्रामाला मोकळं सोडा. तो एखादी कपार पकडेल आणि छताखाली उलटा तरंगायला लागेल. घाबरू नका, तो असाच राहतो. त्याआधी दोन-तीन खडकही हलवून ठेवा, रासच्या हद्दी मोडतात. मग दिवे बंद करून रासला सोडा आणि दुसऱ्या दिवशी शेपट्या बघा. फाटलेल्या दिसल्या तर रास पुन्हा डब्यात.

रंकाळाकाठ:
ताई, रासला डब्यात घालायचं डोक्यातच आलं नव्हतं. ट्रॅव्हल्स आठवडाभर पुढे ढकलतो, आधी छोटी टाकी लावतो. ग्रामा क्वारंटाइनमध्ये खाईल ना?

इचलकरंजीकर_ताई:
पहिले एक-दोन दिवस नाही खाल्लं तर घाबरू नका. फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या, नाहीच तर तसलेच पण जिवंत ब्राइन श्रिम्प, हलणारं दिसलं की झडप घालतो. उरलेलं लगेच काढा, एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढायला वेळ लागत नाही. आणि दोन्ही टाक्यांवर जाळीचं झाकण घाला. दचकलेला ग्रामा उडी मारतो.