मदत हवी आहे: पावतीची विंडो उघडते, पण कधीकधी कोरीच

मंडळी, एका दवाखान्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतोय. 'छपाई' दाबलं की विंडो.ओपनने (नवी विंडो उघडणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) पावतीची वेगळी विंडो उघडते आणि मूळ पान तिला पोस्टमेसेजने (एका विंडोतून दुसरीला निरोप धाडायची सोय) नाव, रक्कम पाठवतं. माझ्या मशीनवर दर वेळी चालतं. काउंटरवरच्या जुन्या पीसीवर मात्र मधूनच कोरी पावती निघते, आणि आजारी माणसं रांगेत ताटकळतात. ते बघवत नाही.

कारण कळलंय. विंडो.ओपन लगेच परत येतं, पान मागून लोड होतं. तोवर तिथे नुसतं अबाउट:ब्लँक, म्हणजे ब्राउझरचं कोरं पान असतं. निरोप ऐकायला कोणी नाही, आणि एररही नाही! रेडीस्टेट (पान कितपत लोड झालं ते सांगणारी खूण) तपासलं, तर त्या कोऱ्या पानाचंच 'कम्प्लीट' मिळालं. सेटटाइमआउटने 500 मिलिसेकंद थांबून डेटा पाठवला, पण नेट मंदावलं की तोही पुरत नाही.

आता उलट केलंय: पावतीच्या पानाचा लिसनर (निरोप ऐकणारा कोड) लावून झाला की ते ओपनरला, म्हणजे मूळ पानाला, 'तयार' कळवतं, मगच डेटा जातो. हे पक्कं चालतं.

अडतंय पुढे. पावती उघडी असताना कॅशियरने मूळ पान रिफ्रेश केलं, की त्या विंडोचा संदर्भ (तिला निरोप पाठवायचा दुवा) हातचा जातो. विंडोला नाव देऊन ती परत मिळवायची म्हटलं, तर यूआरएल दिल्यावर पान पुन्हा लोड होतं. रिकामी दिली आणि विंडो बंद असली, तर नवी कोरी उघडते.

दोन्ही पानं एकाच ओरिजिनवर (तोच प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) आहेत. ब्रॉडकास्टचॅनल (एकाच ओरिजिनच्या सगळ्या उघड्या पानांना एकदम निरोप देणारी सोय) वापरू का? मग एकाच ब्राउझरमध्ये दोन बिलं उघडी असतील, तर पावत्यांची अदलाबदल कशी टाळता?