मदत हवी आहे: रोबो व्हॅक्यूम स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरतो

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. आमच्या घरी दिवाळीपासून रोबो व्हॅक्यूम आहे आणि आतापर्यंत त्याने तक्रारीला जागा दिली नव्हती. मागच्या महिन्यापासून मात्र तो स्वयंपाकघरात जायचे नावच घेत नाही. दारापर्यंत सरळ येतो, क्षणभर घुटमळतो, मागे सरकतो, थोडे तिरके होऊन पुन्हा पुढे येतो आणि शेवटी दिवाणखान्यात परततो. ॲपच्या नकाशात स्वयंपाकघर व्यवस्थित दिसते, तरी ‘खोलीपर्यंत पोहोचता आले नाही’ असा निरोप येतो. सेवा केंद्राला फोन केला तर रीसेट करून पाहा, यापलीकडे उत्तर मिळत नाही. रीसेट केलेले आहे. ज्यांना नेमके ठाऊक असेल त्यांनी कृपया लवकर सांगावे, यंत्र शोभेसाठी घेतलेले नाही.

अंबाझरीकाठ
आपण मॉडेल लिहिलेले नाही. यंत्राच्या डोक्यावर लेझरची गोल टोपी आहे की ते कॅमेऱ्याने वाट शोधते? दाराला उंबरठा आहे का, असल्यास किती उंच? बहुतेक यंत्रे साधारण २ सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा ओलांडतात, त्याहून उंच असेल तर ती तिथेच धापा टाकतात. दाराशी पायपुसणे असते का, तेही सांगा, कारण पोछ्याचे कापड लावलेले असताना काही यंत्रे गालिचासारखी वस्तू दिसली की मुद्दाम टाळतात.

खामल्याची_ताई
एवढ्या चौकशीची गरज नाही. जुना नकाशा पुसून टाका, घरातली सगळी दारे उघडी ठेवा आणि यंत्राला पहिल्यापासून नवा नकाशा बनवू द्या. आमच्याकडे सोफा हलवल्यावर असाच गोंधळ झाला होता आणि नवा नकाशा केल्यावर तो मिटला.

वर्धारोडवाला
ताई, रीसेट केल्यावर नकाशा नवाच झाला आहे. नव्या नकाशातले स्वयंपाकघर यंत्राला मीच उचलून आत ठेवल्यामुळे आले. काठ दादा, टोपी लेझरची आहे, पायपुसणे नाही आणि उंबरठाही आता नाही.

महालातला
माझ्या अनुभवानुसार नागपुरात या यंत्रांचे खरे शत्रू दोन आहेत, कूलर आणि ऊन. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमधून बारीक काड्या उडतात आणि त्या मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांना, जिथे तो खोबणीत बसतो तिथे, इतक्या घट्ट गुंडाळल्या जातात की कात्रीने कापून काढाव्या लागतात. दुसरे म्हणजे मे महिन्यात वरच्या मजल्यावरची बंद खोली दुपारी भट्टी होते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ देऊ नये असे मानतात, म्हणून पुष्कळ यंत्रे तापलेली असताना डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या तळावर, बसूनही चार्जिंग थांबवून ठेवतात. मी डॉक गच्चीखालच्या खोलीतून तळमजल्यावर उत्तरेच्या भिंतीला हलवला, तेव्हापासून यंत्र दुपारी कुरकुरत नाही. आपणही डॉक हलवून पाहा.

वर्धारोडवाला
महालातले काका, माहिती उपयोगी आहे, पण माझे यंत्र पूर्ण चार्ज होते आणि ब्रशही स्वच्छ आहे. ते बाकी सगळ्या खोल्यांत फिरते, अडते फक्त एका दारात. कृपया त्या दाराबद्दल बोलावे.

निवृत्त_अभियंता
‘उंबरठाही आता नाही’ या वाक्यातल्या ‘आता’ शब्दाकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. म्हणजे पूर्वी होता. तो कधी काढला, आणि त्याच्या जागी काय बसवले?

वर्धारोडवाला
मागच्याच महिन्यात काढला. लाकडी होता, वाळवी लागली होती. त्या जागी मिस्त्रीने फरशीच्या पातळीला ग्रॅनाइटची पट्टी बसवली. पण साहेब, जुना उंबरठा दीड सेंटिमीटर उंच होता आणि तो ओलांडून यंत्र बिनतक्रार जात होते. आता तर वाट सपाट झाली आहे, म्हणून मी ते लिहिले नव्हते. सपाट जागी अडायचे कारणच काय?

निवृत्त_अभियंता
पट्टी काळी आहे का, आणि चकचकीत आहे का?

वर्धारोडवाला
काळी, पॉलिश केलेली, सुमारे ५ इंच रुंद. बाकीची फरशी पांढरट व्हिट्रिफाइड आहे.

निवृत्त_अभियंता
मग कारण तेच. यंत्र उलटे करून पाहा. पुढच्या कडेजवळ आणि चाकांच्या आसपास छोट्या काळसर खिडक्या दिसतील. त्यांना क्लिफ सेन्सर म्हणतात. त्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली पडतो आणि जमिनीवरून उलटून परत येतो. तो पुरेसा परत आला तर खाली जमीन आहे असे यंत्र मानते, आणि नाही आला तर पुढे जिना किंवा खड्डा आहे असे समजून मागे सरकते. काळा दगड हा प्रकाश बराचसा शोषून घेतो, आणि त्याचे पॉलिश उरलेला प्रकाश सेन्सरकडे परत न पाठवता भलत्याच दिशेला फेकते. त्यामुळे तुमच्या सपाट पट्टीच्या जागी यंत्राला पाच इंचांची दरी दिसते. लेझरची टोपी आडवे पाहते, पायाखालचे नाही, म्हणून नकाशा अचूक असूनही यंत्र अडते. आयरोबॉट कंपनीने २००२ साली रूम्बा हा आपला पहिला रोबो व्हॅक्यूम आणला तेव्हा तो नकाशा न बनवता धडकत फिरत असे, पण जिना ओळखण्याची रीत त्याचीही साधारण हीच होती. पुढे यंत्रांच्या वाट शोधण्यात आमूलाग्र बदल झाला, पोटाखालचे हे सेन्सर मात्र पुष्कळशा यंत्रांत त्याच तत्त्वावर चालतात.

खात्री करायची असल्यास पट्टीवर पांढरा कागद अंथरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने नीट दाबा, नाही तर बाजूचा ब्रश तो ओढून नेईल. यंत्र कागदावरून गेले तर निदान पक्के समजा.

अंबाझरीकाठ
अनुमोदन. तरी त्याआधी सेन्सरच्या खिडक्या कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्याव्यात, कारण आपल्याकडच्या उन्हाळी धुळीने त्या मळतात आणि मग यंत्र पांढऱ्या फरशीवरही घाबरते.

निवृत्त_अभियंता
पुसण्याने नुकसान नाही, पण खिडक्या मळल्या असत्या तर यंत्र घरभर अडले असते. ते एकाच ठिकाणी अडते आहे.

बेसा_चौक
मंडळी, पाच इंचांच्या पट्टीपुढे हात टेकणाऱ्या यंत्रासाठी हा केवढा खटाटोप! आमच्याकडे झाडू-पोछ्याला मावशी येतात, काळा ग्रॅनाइट असो की पांढरा, पलंगाखालीसुद्धा हात घालून स्वच्छ करतात. तेवढेच एका घराला काम मिळते. आणि यंत्र घ्यायचेच होते तर त्याला उचलून पलीकडे ठेवायला किती वेळ लागतो?

वर्धारोडवाला
मावशी आमच्याकडेही येतात, आठवड्यातून तीन दिवस. मी सकाळी मिहानला कामावर जातो तो रात्रीच परततो. घरी आई असते, तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि डॉक्टरांनी तिला खाली वाकायला मनाई केली आहे. यंत्र दारात अडून आवाज करू लागले की ती उठते आणि वाकून ते उचलते, मी कितीही सांगितले तरी. घाई त्यासाठी आहे.

बेसा_चौक
हे पहिल्यांदाच लिहिले असते तर मी तसे म्हटले नसते. आईंना नमस्कार सांगा.

मनीषनगरचा_राजा
सोपा उपाय सांगतो. क्लिफ सेन्सरच्या खिडक्यांवर पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून टाका. सेन्सरला कायम जमीन दिसत राहते आणि यंत्र कुठेही अडत नाही. माझ्या घरी गडद रंगाचे गालिचे आहेत, मी पुढचे सगळे सेन्सर असेच बंद केले आहेत आणि काहीही बिघडलेले नाही.

निवृत्त_अभियंता
आपल्या घरात जिना आहे का?

मनीषनगरचा_राजा
नाही, फ्लॅट आहे. पण जिना असला तरी ॲपमध्ये तिथे निषिद्ध रेषा आखता येतेच की. मग सेन्सर कशाला हवा?

निवृत्त_अभियंता
ती रेषा नकाशावर असते, जमिनीवर नाही. आपण कुठे आहोत हे यंत्राला बरोबर कळत असेल तोपर्यंतच ती पाळली जाते. कोणी ते उचलून दुसरीकडे ठेवले आणि त्याचा अंदाज चुकला, तर रेषा एकीकडे आणि जिना दुसरीकडे अशी गत होते. या घरात तर आई यंत्र उचलतात हे आत्ताच वाचले. शिवाय सेन्सर झाकल्याचे दिसले तर सेवा केंद्र वॉरंटीत खोड काढू शकते. वर्धारोडवाले, आपल्याकडे जिना आहे का?

वर्धारोडवाला
आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, घराचाच जिना दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून खाली उतरतो आणि त्याला दार नाही.

मनीषनगरचा_राजा
तसे असेल तर माझा उपाय मागे घेतो. मात्र फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तो जरूर करून पाहावा.

खामल्याची_ताई
मिस्त्रीला बोलावून पट्टीचे पॉलिशच घासून काढले तर? खरखरीत ग्रॅनाइट दिसतोही छान.

निवृत्त_अभियंता
ताई, पॉलिश गेल्याने थोडा फरक पडेल, पण दगडाचा काळेपणा राहीलच आणि खर्च करूनही खात्री नसेल. सेन्सर झाकण्याऐवजी जमीन बदलावी, आणि तीही वरच्यावर. फिकट रंगाची, चकाकी नसलेली, पातळ चिकटपट्टी पट्टीच्या पूर्ण रुंदीवर लावावी.

वर्धारोडवाला
कागद लावून पाहिला. यंत्र एकदाही न घुटमळता आत गेले, ओट्याखाली फिरले आणि बाहेरही आले. कागद काढल्यावर पुन्हा दारातच अडले. निदान बरोबर आहे, अभियंता साहेबांचे मनापासून आभार. आता टेप कोणती घ्यावी हे सांगा. आईला त्यावरून चालायचे आहे, म्हणून ती घसरणारी किंवा कडा उचलल्या जाणारी नको.

महालातला
सीताबर्डीला हार्डवेअरच्या दुकानांत पायऱ्यांवर लावायची खरखरीत टेप मिळते, घसरण्याची भीती राहत नाही. बहुतेक ठिकाणी काळीच पुढे करतात, फिकट करडी मागून घ्या.

निवृत्त_अभियंता
योग्य सूचना. स्वयंपाकघराच्या दारात तेलाचा अंश असतो, म्हणून आधी पट्टी साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून पूर्ण वाळू द्या. टेपचे मधले सांधे टाळा, आणि दोन्ही टोके चौकटीला भिडतील अशी कापा, म्हणजे पायात येणार नाहीत.

वर्धारोडवाला
टेप लावली, यंत्र जाते आहे. एकच अडचण उरली. पोछ्याचे ओले कापड टेपवरून रोज फिरते आणि स्वयंपाकघराच्या बाजूची कड किंचित सुटू लागली आहे.

अंबाझरीकाठ
ॲपमध्ये निषिद्ध क्षेत्राशेजारीच ‘इथे पोछा नको’ असा पर्याय आहे का ते पाहा, पुष्कळ लेझरच्या यंत्रांत तो असतो. मात्र काही यंत्रे कापड लावलेले असताना अशा जागेत शिरतच नाहीत, मग तुमचे दार पुन्हा बंद होईल. आपले यंत्र कापड उचलून घेणारे नसेल तर सोमवार ते शनिवार कोरडे झाडू द्या आणि पोछा रविवारी, तुम्ही घरी असताना लावा.

वर्धारोडवाला
कापड उचलणारे नाही. मग रविवारचेच ठरवतो. सुटलेली कड काढून नवा तुकडा आज लावतो.