पुनर्विकासासाठी जागा रिकामी करायचीय: आईबाबांचं चाळीस वर्षांचं सामान कुठून आवरायला घ्यावं?

खडीसाखर

कोथरूडमधली १९८५ची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. जागा सोडायला ६० दिवस आहेत. सध्याचं घर ६५० चौरस फुटांचं, भाड्याचं मिळालंय ते ४८० चौरस फुटांचं, लिफ्ट आहे. आई ७७ वर्षांच्या, बाबा ८२. बाबांना पार्किन्सन्स आहे, वॉकर घेऊन चालतात, पण डोकं तल्लख आहे.

सामान असं: दोन माळे, तीन लोखंडी कपाटं, चार ट्रंका, पोटात सामान असलेले दोन दिवाण. स्टीलची दीडेकशे भांडी, तांब्या-पितळेची चाळीसेक, त्यात एक बंब आणि दोन घंगाळी. पुस्तकं आणि दिवाळी अंक मिळून पंचवीस फूट रांग. फोटोंचे अकरा अल्बम, व्हिडिओ कॅसेटी, जुना डबा टीव्ही. कागदांच्या सोळा फायली, त्यात कागदी शेअर सर्टिफिकेटं.

काहीही दाखवलं की आई म्हणतात, "राहू दे, लागेल कधी तरी." बाबांना कागद हरवण्याची धास्ती आहे. क्रम कसा लावावा? पुण्यात काय कुठे द्यावं? आणि काय अजिबात टाकू नये?

सुतारपक्षी

माळ्यापासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तिथूनच करतात आणि तिथेच अडकतात. माळ्यावरचं सामान वीस वर्षांत कुणी पाहिलेलं नसतं. एकेक वस्तू खाली आली की तिच्यावर बोलणं निघतं, दिवस जातो, आणि संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. बाबा वॉकरवर आहेत, म्हणजे हा पसारा धोक्याचाच. पलंगापासून संडासापर्यंतची वाट रोज रात्री किमान तीन फूट मोकळी हवी, सतरंजी-पायपुसणंही नको.

आधी टेप घेऊन नव्या जागेत जा आणि फळ्या मोजा. ओट्याखाली आणि वर मिळून तीन फुटी आठ फळ्या असतील, तर भांड्यांना चोवीस फूट जागा आहे, बस. तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईंना द्या. मग "तू माझी भांडी टाकतेस" हा वाद उरत नाही, फळीत काय बसतं तेवढाच प्रश्न राहतो. "हे टाकू का?" असं विचारलंत तर उत्तर "राहू दे" हेच येणार. "या चार कढयांपैकी नव्या ओट्यावर कुठली हवी?" असं विचारा. उरलेल्या तीन कुणाकडे जाणार ते नावानिशी सांगता आलं, की हात पटकन सुटतो.

क्रम: पहिले दहा दिवस फक्त कागद. मग औषधं आणि विषारी वस्तू. मग स्वयंपाकघर आणि कपाटं. माळे आणि ट्रंका तिसाव्या दिवसानंतर, तोवर खालची जागा मोकळी झालेली असते. फोटो आणि देव सगळ्यांत शेवटी. शेवटचे दहा दिवस निव्वळ बांधाबांध.

एका बैठकीला तासभर, फार तर दीड तास. बाबांची गोळी लागू झाल्यानंतरची वेळ धरा. त्यांना हाताची खुर्ची द्या आणि वस्तू परातीत घालून टेबलावर आणा, वाकायला लावू नका. एका बैठकीत एकाच जातीची वस्तू: आज चादरी तर चादरीच. कपाट रिकामं करण्याआधी दार उघडून आतला फोटो काढा. नव्या घरी औषधाचा डबा, चष्मा, पंचांग त्याच उंचीवर, त्याच बाजूला लागलं, तर रात्री चाचपडणं टळतं.

"ठरत नाही" अशा वस्तूंसाठी दीड फूट लांबीची सहा खोकी ठेवा, सातवं नाही. बाहेर आतल्या वस्तूंची यादी आणि तारीख लिहा.

माळ्यावर कबुतरांची विष्ठा असेल तर कोरडा झाडू मारू नका. ती धूळ फुफ्फुसाला बाधते. पाणी फवारून ओली करा, एन-९५ मास्क लावा आणि ओल्या फडक्याने उचला. आईबाबांना तेवढा वेळ घराबाहेर ठेवा.

जुन्या घरांत गॅमेक्झिनची पुडी, लेबल नसलेली पांढरी पावडर, धान्यात ठेवायच्या गोळ्यांची नळी हमखास सापडते. त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असल्या, तर ओल लागताच विषारी वायू सुटतो. नळी उघडू नका, पाण्यात टाकू नका, बेसिनमध्ये तर नाहीच. कोरड्या डब्यात बंद करा, वर "विष" लिहा, हवेशीर जागी कुलपात ठेवा आणि घरगुती घातक कचरा म्हणून कुठे द्यायचं ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाला विचारा. पाऱ्याचा थर्मामीटरही झाकणाच्या बाटलीत घालून तिथेच.

टपालपेटी

मी फक्त कागदांचं लिहितो. पहिल्या फेरीत एकही कागद फाडू नका. सोळाच्या सोळा फायलींची निव्वळ वाटणी करा: घर, बँक-पोस्ट, शेअर, विमा, आयकर, आजारपण, ओळखपत्रं, बाकी.

घराच्या फायलीत मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश), नोंदणीची पावती आणि सोसायटीचं मूळ भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) हवं. पुनर्विकासाच्या कामात यांची गरज पडतेच. करारनामा सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा, पण साठ दिवसांच्या शेवटी धावू नका. खरेदीच्या आणि मोठ्या दुरुस्तीच्या पावत्या घर विकेपर्यंत सांभाळा, भांडवली नफा काढताना त्या लागतात. वाटणी झाल्यावर आठ वर्षांपेक्षा जुनी विजेची, टेलिफोनची बिलं आणि गॅसच्या पावत्या रद्दीत जाऊ द्या.

शेअर सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका, टाचणीही लावू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून हस्तांतरित करता येत नाहीत, वारसाकडे जाणं तेवढं चालतं. म्हणून बाबांच्या हयातीत, त्यांच्याच नावाने डीमॅट (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात) करून घेणं सगळ्यांत सोपं. कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था, कोण ते तिच्या संकेतस्थळावर असतं. केवायसीसाठी फॉर्म आयएसआर-१, नामनिर्देशनासाठी एसएच-१३. तुमच्याकडे खरी अडचण सहीची येईल. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होतं, सही १९८०च्या नमुन्याशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. त्यासाठी आयएसआर-२ आहे, त्यावर बँक सही साक्षांकित करते. त्याआधी बँकेतल्या खात्यावरच नवी सही नोंदवून घ्या, नाहीतर बँकही अडवेल. नावातला फरकही तपासा. सर्टिफिकेटवर आद्याक्षरं आणि पॅनवर पूर्ण नाव, हे नेहमीचं आहे.

सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, गेलेले असू शकतात. बुडत नाहीत, आयईपीएफ-५ अर्ज करून परत मिळतात, पण वेळ लागतो. सर्टिफिकेट हातात आहे म्हणून शेअर खात्यावर आहेतच असं धरू नका.

ठेवींच्या जुन्या पावत्यांवर बँकेचं नाव बदललेलं असेल. देना आणि विजया बँक २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तिकडे चौकशी करा. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव आणि पॅन घालून शोधता येतात.

नोटा सापडतील. २०००ची नोट अजून वैध चलन आहे, बँकेत नाही पण रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत जमा होते. पुण्याला जवळ बेलापूर आणि मुंबई, टपालानेही पाठवता येते. २०१६मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १०००च्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं मात्र कायद्याने मना आहे.

हे सगळं कुठे सापडतं? देवाच्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात, कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, साडीच्या घडीत, पोथीत, डाळीच्या डब्याच्या तळाशी. रद्दीवाला येण्याआधी प्रत्येक वही कण्याला धरून उलटी झटका.

खडीसाखर

कागद उद्यापासूनच घेते. भांड्यांचं कोणी सांगेल का? अर्ध्या स्टीलवर नावं घातलेली आहेत, त्यावरच आई अडून बसल्यात.

ओगराळं

नाव घातलेलं भांडं आईंना मोडीत घालवत नाही, कारण तो आहेराचा हिशेब आहे. पेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांची ओळ असते: "चि. अमुकच्या मुंजीनिमित्त", खाली मामाचं नाव, तारीख. आधी त्या सगळ्या ओळींचे तिरप्या उजेडात फोटो काढा. समोरून काढलात तर चकाकीत अक्षरं दिसत नाहीत. आई नाव वाचत जातील तशी वहीत यादी करा. कुणी काय दिलं ते वहीत राहिलं, की दीडशेतली पंचवीस भांडी निवडायला त्या स्वतः बसतील.

तांब्या-पितळेत घाई नको. मोडीचा भाव निव्वळ धातूचा मिळतो, घडणावळीचा नाही. आधी लोहचुंबक लावा, चिकटलं तर वर मुलामा आणि आत लोखंड. बंबाची जाळी आणि पाय लोखंडी असतात, ते काढून वजन करा, नाहीतर दुकानदार अंदाजाने वजावट धरतो. सामानाचं वजन करायचा हुकाचा डिजिटल काटा जवळ ठेवा आणि तांबं, पितळ, कांसं वेगळं तोला. एकत्र ढिगाला सगळ्यात कमी धातूचा भाव लावतात. काशाची थाळी वाजवून ओळखा, नाद लांबतो. ती पडली तर तडकते, म्हणून खोक्यात उभी ठेवा. "जर्मन" म्हणजे अॅल्युमिनियम, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, हेही आईंना आधीच सांगा.

वापरात ठेवायच्या पितळी पातेल्यांना कसबा पेठेत तांबट आळीत विचारून कल्हई करून घ्या. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक-चिंचेचं काही केलं की कळकतं. घंगाळी आणि बंब कुणा नातलगाला हवेत का ते आधी विचारा, नंतर जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो.

जरीच्या साड्या जरीच्या भावात देऊ नका. पदराच्या टोकाचा एक धागा जाळून पाहा. प्लास्टिकसारखा वितळून गोळा झाला तर जरीचा धागा खरा नाही. खरा असेल तर साडी घडी बदलून मलमलच्या कापडात गुंडाळा, त्याच घडीवर राहिली तर तिथेच चिरते.

देवघरातले टाक मोडीच्या डब्यात जाऊ देऊ नका. नखाएवढा चांदीचा पत्रा असतो, तोंड झिजून सपाट झालेलं, काळा पडलेला. गंज लागलेला तुकडा समजून तो जातो. झिजलेले टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीत नवे घडवता येतात, फक्त "हीच चांदी वापरा" असं सांगून समोर वजन करून घ्या. फाटक्या तसबिरी नदीवर नेऊ नका. काच, चौकट, खिळे वेगळे करा, कागद बादलीत भिजवून तुळशीच्या कुंडीत मिसळा.

कसर

पुस्तकं: एक फूट रांग म्हणजे आठ-दहा किलो, तुमच्याकडे दोनशे-अडीचशे किलो आहेत. मोठ्या खोक्यात भरलीत तर तळ फाटेल. दीड फूट लांब, एक फूट रुंद खोकं घ्या आणि तेही पाऊणच भरा. वाचनालयात थेट गाठोडं घेऊन जाऊ नका. कण्यांचे फोटो पाठवून काय हवंय ते विचारा, मग पोचवा. पुणे मराठी ग्रंथालय किंवा पुणे नगर वाचन मंदिर यांच्यापासून विचारायला हरकत नाही. विश्वकोशाचे खंड कुणी सहसा घेत नाही, ते आता फुकट ऑनलाइन आहेत. कसर लागलेली पुस्तकं बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. मोजकीच ठेवायची असतील तर प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव धरतं.

ट्रंकेत मोडी लिपीतला कागद निघाला तर उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवून भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा.

अल्बमची पानं चिकट असतील तर फोटो ओढू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोखालून करवतीसारखा फिरवा. नाही सुटला तर पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा. फोटो बघताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि आईंना माणसं ओळखायला लावा. मागे बॉलपेनने लिहू नका, पुढून उमटतं, मऊ पेन्सिल घ्या. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. यंत्रात घालू नका, यंत्रही बिघडतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

डबा टीव्ही भंगारवाल्याला फोडू देऊ नका, काचेत शिसं असतं. अख्खा ई-कचऱ्यात द्या. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो.

टपालपेटी

एक राहिलं. किल्ल्या. चार ट्रंका आणि तीन कपाटं म्हणजे तीसेक किल्ल्या असतील. प्रत्येक कुलपाला लावून बघून कागदी चिठ्ठी बांधा. बँकेच्या लॉकरची किल्ली वेगळी असते, बिननावाची, वर नुसता आकडा. ती ओळखू आली नाही म्हणून भंगारात जाते आणि लॉकर फोडायचा खर्च अंगावर येतो. उद्या कागद काढाल तेव्हा बाबांनाच विचारा, लॉकर कुठल्या शाखेत होता ते त्यांना आठवत असेल.